लिस्बन बंदरातील एक दिवस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला साधा शिक्षक. या सभागृहात मजहून अधिक शिकलेली व अधिक देश पाहिलेली मंडळी बसली आहेत. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपल्यासारख्यांनाच भीती वाटते, तेव्हा आपणच बोला." ते मला पटले.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांना भूमध्य समुद्रातील व त्यापलीकडील बंदरे पाहण्यासाठी एका मोठ्या प्रवासी जहाजाची तिकिटे काढून दिली. जहाज रोज नव्या बंदरास लागे. तेथे जहाजातर्फे सहली निघत. हातात निशाण घेतलेला वाटाड्या पुढे आणि चाळीस-पन्नास माणसे मागे. पहिल्या दोन बंदरांत आम्ही तसेच गेलो. संध्याकाळी काय पाहिले असे विचारले असते, तर ते निशाण पाहिले, एवढेच प्रामाणिक उत्तर देता आले असते. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना सहलीला नेलेत. आता एक दिवस मला न्या." पुढचे बंदर लिस्बन होते.

लिस्बन म्हणताच माझ्या मनात निराळीच खळबळ उडाली. माझे गाव वसईच्या किल्ल्यापासून दोन कोसांवर. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली, हा पाठ मी वर्षानुवर्षे शिकविला. एकदा वास्को द गामाची हकीकत सांगत असता, १५०२ च्या सफरीत त्याने यात्रेकरूंनी भरलेले जहाज बायकामुलांसह जाळले, असे मी म्हणालो. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्याच्या गावात त्याला वाईट म्हणत असतील का?" मला उत्तर ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "खाली बस." तो प्रश्न मात्र माझ्यापाशी उभाच राहिला.

लिस्बन समुद्रावर नाही, टॅगस नदीच्या मुखाशी आहे. पहाटे आम्ही कठड्याशी उभे होतो. डाव्या हाताला बेलेमचा पांढरा बुरूज गेला, मग दर्यावर्दींचे उंच स्मारक आणि मग आमचे अजस्र जहाज एका तांबड्या झुलत्या पुलाखालून सरकले. हा पूल १९६६ साली झाला. त्यास प्रथम हुकूमशहा सालाझार याचे नाव होते. १९७४ च्या राज्यक्रांतीनंतर त्या क्रांतीच्या तारखेचे, म्हणजे पंचवीस एप्रिलचे, नाव दिले गेले.

धक्का शहराला अगदी लागून आहे. आम्ही साडेआठ वाजता खाली उतरलो, तो समोर आल्फामाची वस्ती. नाव अरबी, गल्ल्या अरुंद, चढ असा की सौभाग्यवतींच्या गुडघ्याने तत्काळ निषेध नोंदविला. वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या पाहून मला क्षणभर गिरगावातच आल्यासारखे वाटले.

या वस्तीचे महत्त्व असे की १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात ती बरीचशी टिकली. तो ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता. सकाळी देवळे भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. अशा वेळी धरणी हादरली. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तो नदीला समुद्राची लाट चढून आली. आणि उरलेले शहर आगीत कित्येक दिवस जळत राहिले. पुढे पोंबाल नावाच्या मंत्र्याने सखल भागातील शहर सरळ रेषांत नव्याने वसविले. धक्का सोसावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसविले. तेथील भव्य चौकाला लोक अजूनही 'राजवाड्याचे पटांगण' म्हणतात. राजवाडा मात्र त्या दिवशीच नाहीसा झाला.

आता भाषेची गोष्ट सांगतो. माझे इंग्रजी बेताचे आणि पोर्तुगीज मुळीच नाही. परंतु एका वाण्याच्या दुकानापुढे सौभाग्यवती थबकल्या आणि माल पाहून मी पाट्या अक्षरे जुळवून वाचू लागलो, तो काय? बटाटा तो बटाटाच. काजू तो काजू, अननस तो अननस. पाव, कोबी, चावी, लिलाव, नाताळ हे सारे शब्द याच लोकांकडून आपल्या घरात आले. आपला हापूससुद्धा आफोन्सो या नावाचाच. बटाटा व मिरची मूळची अमेरिकेची. त्यांनीच ती आपल्याकडे आणली. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे आपल्या एकादशीची भाजी यांच्या जहाजातून आली म्हणायची!" इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात मला हे इतक्या थोडक्यात सापडले नव्हते.

त्या चौकातून पंधरा क्रमांकाच्या ट्रामने आम्ही बेलेमला गेलो. येथील जेरोनिमोस मठ राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतला. त्याचा खर्च बव्हंशी पूर्वेकडील व आफ्रिकेतील व्यापारावरील पाच टक्के कराने भागविला गेला. दगडातून दोरखंड, गाठी व लतापल्लव असे कोरले आहेत की हात लावून पाहण्याचा मोह होतो. आणि मनात येते, या दगडात आपली मिरी आहे.

दारातून आत जाताच वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ साली तो कोची येथे मरण पावला. तेथून अस्थी पोर्तुगालात नेल्या व १८८० साली या मठात आणल्या. समाधीवर जहाज कोरले आहे आणि वर त्याची हात जोडून निजलेली मूर्ती. लोक आदराने उभे होते. सौभाग्यवतींनी विचारले, "हाच का तो?" मी म्हणालो, "हाच." मग आम्ही दोघेही काही बोललो नाही. मागच्या बाकावरील त्या मुलाला इतक्या वर्षांनी मी मनात उत्तर दिले: नाही रे बाळा, त्याच्या गावात त्याला वाईट म्हणत नाहीत, तेथे त्याची पूजा मांडली आहे.

परतीची वेळ झाली. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. आपल्या पायांनी गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. साडेचारपर्यंत चढलेच पाहिजे. अडीच वाजता ट्राममध्ये बसलो आणि थोड्याच अंतरावर ती उभी राहिली. पुढे रुळांवर कुणी मोटार ठेवून गेले होते. दहा मिनिटे, वीस मिनिटे. सौभाग्यवतींनी माझा हात घट्ट धरला. माझ्या घशाला कोरड पडली. परदेशात, पारपत्र खिशात आणि जहाज दृष्टीआड!

शेजारी एक वृद्ध बाई होत्या. मी त्यांस जहाजाचे ओळखपत्र दाखविले व घड्याळावर बोट ठेवले. त्या उठल्या, आम्हांस खुणेने खाली उतरविले, रुळांवरील पादचारी पुलाने आगगाडीच्या स्थानकापर्यंत नेले, तिकिटे काढावयास साहाय्य केले. फलाटावर त्यांनी विचारले, "इंडिया? गोवा?" मी म्हणालो, "वसई." पोर्तुगीज उच्चार करून "बसाईं" असेही म्हटले. त्यांनी मान हलविली. ते नाव त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. गाडी आली. त्या हात हालवीत उभ्या राहिल्या आणि मग आपल्या वाटेने माघारी गेल्या. दहा मिनिटांत शहरात उतरलो, नदीकाठाने विसावा घेत घेत चाललो आणि चारवर दहा मिनिटांनी जहाजाची शिडी चढलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या वसईसाठी आपली इतकी माणसे पडली, ती त्या बाईंना ठाऊक नाही. म्हणून आपण विसरावे काय? मुळीच नाही. आपल्या माणसांचे स्मरण आपणच ठेवावयाचे असते, ते दुसऱ्यांकडे मागावयाचे नसते. परंतु चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा शरण आलेल्या शत्रूला कुटुंबांसह मानाने जाऊ दिले, हे मी वर्गात एका वाक्यात उरकीत असे. तेच वाक्य सावकाश सांगावयास हवे होते.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. युरोपच्या सामाईक प्रवेशपत्रावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा असावी. पारपत्राची प्रत व जहाजाच्या बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणे लावावे आणि दोन तास आधी परतीला निघावे. ट्राममध्ये पाकीट आतील खिशात ठेवावे. लिस्बनचे पदपथ गुळगुळीत दगडांचे आहेत, तेव्हा जोडे जुने व तळ खरखरीत असावेत. सोमवारी मठ बंद असतो. बेलेमच्या प्रसिद्ध गोड वड्या अंड्याच्या बलकाच्या असतात. नेमनिष्ठांनी दुरूनच वास घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट चुकली तर कुणाला तरी विचारावे. आपल्या मंडळींना विचारण्याची लाज वाटते. मलाही वाटत असे.