काम काही नाही, फिरायला

चुलीवर काही ठेवलं असेल तर जाळ थोडा कमी करा आणि पाच मिनिटं आमचं ऐका.

आम्ही दोघी. एक बचत गटांची समन्वयक, दुसरी एका गटाची खजिनदार. पाच वर्षं एकत्र काम करतो, पण बँक आणि बैठक सोडून दोघी मिळून कधी कुठे गेलो नव्हतो. यंदा भातझोडणी उरकली आणि ठरवलं, एक दिवस रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर जायचं. वाडीत जो तो विचारी, "काय काम काढलंत?" "काम काही नाही, फिरायला," असं सांगताना आमचीच जीभ अडखळत होती. नवस नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. मग बाईने घर सोडायचं कशाला?

एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहेच. स्टँडवरून रिक्षा केली आणि पायऱ्या सावकाश चढलो. हा किल्ला घोड्याच्या नालासारखा, तिन्ही बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ. ओटी भरली आणि तटाच्या कडेने चालत राहिलो. खाली मच्छीमार होड्या, पलीकडे दीपगृह. वारा असा की पदर सावरता सावरेना. शेवटी कमरेला खोचला. सावलीत बसून भाकरी आणि वालाची उसळ खाल्ली. कुणाला वाढायचं नव्हतं, उठायचं नव्हतं.

तेव्हा आमच्यातली खजिनदार समुद्राकडे बघत म्हणाली, "मी गट सोडते."

एका सभासदाचे तीन हप्ते थकले होते. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्याकडे मागायचं कसं? म्हणून हिने अंडी विकून जमवलेल्या पैशातून ते भरले. बैठकीत बोलावं तर तिची लाज जाते, घरी बोलावं तर आपली बोलणी खावी लागतात. आणि समन्वयक दर महिन्याला तीच वही तपासत होती. परतफेड वेळेवर म्हणून तिने गटाला शाबासकीही दिली होती! दोघी बराच वेळ गप्प बसलो.

सूर्यास्तासाठी थांबलो नाही; गाडी चुकली असती. दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी गेलो. तिला विचारून विषय बैठकीत ठेवला. गटाने हप्ता लहान केला, मुदत वाढवली, इतिवृत्तात तसं लिहिलं. खजिनदाराचे पैसे ती थोडे थोडे फेडते आहे. खजिनदार गटातच आहे. हे सगळं तिघींच्या संमतीने सांगतो आहोत.

मैत्रिणींनो, वहीत हप्ता भरलेला दिसतो, कुणाच्या पैशाने भरला ते दिसत नाही. ते ऐकायला निवांत बसावं लागतं. तुमच्या गटातल्या एखादीला घेऊन एक दिवस बाहेर पडा. किल्ला नसला तर गावामागची टेकडी चालेल. पाण्याची बाटली घ्या, कड्याच्या टोकाशी जाऊ नका, अंधाराआधी उतरा. आणि कुणी विचारलं तर सांगा, काम काही नाही, फिरायला.

येतो आम्ही. नमस्कार.