भिडू कोणाचा? झकास कोणाचं?
(मंडणगड येथे गिरणी-कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या सभेत पगाराचा प्रश्न निघतो, घराचा निघतो, बेळगाव-निपाणीचा निघतो. ते निघालेच पाहिजेत. पण आज मी एका निराळ्याच मिळकतीबद्दल बोलणार आहे. ही मिळकत सातबाऱ्यावर नाही आणि पगारपत्रकावरही नाही. ती आपल्या तोंडात आहे. ती म्हणजे आपली बोली! आणि या मिळकतीवर कोणाची छाप बसते आहे, ते आज बघायचं आहे.

हकीकत ऐका. २०२३ सालच्या सप्टेंबरात सिनेनट अनिल कपूर दिल्लीच्या हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की, माझं नाव, माझा चेहरा, माझा आवाज आणि माझा 'झकास' हा उद्गार माझ्या परवानगीशिवाय कोणी धंद्यासाठी वापरू नये. १९८५ सालच्या 'युद्ध' सिनेमापासून हा उद्गार त्यांच्या नावाला चिकटलेला आहे. कोर्टानं त्यांच्या बाजूनं हुकूम दिला. पुढं २०२४ सालच्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ त्याच कोर्टात गेले. त्यांच्या यादीत 'जॅकी' होतं, 'जग्गूदादा' होतं आणि 'भिडू' होतं! त्यांनाही कोर्टानं संरक्षण दिलं.

आता न्यायानं बोलायचं तर कोर्टाचं म्हणणंही नीट समजून घेतलं पाहिजे. उद्यापासून तुम्ही मित्राला भिडू म्हटलंत तर पोलीस येणार, असं मुळीच नाही. हे हुकूम धंद्यापुरते आहेत. आज यंत्राच्या करामतीनं कोणाचाही चेहरा आणि कोणाचाही आवाज हुबेहूब बनवता येतो. नटाचा खोटा चेहरा, खोटा आवाज लावून कोणी माल विकतो, कोणी बायाबापड्यांची घाणेरडी चित्रं करतो. त्याला चाप बसला पाहिजे, यात दुमत नाही. ज्याचा चेहरा त्याचा हक्क. आपल्या घामावर आपला हक्क सांगणारे आपण, नटाच्या चेहऱ्यावरचा नटाचा हक्क कसा नाकारू?

पण चेहरा वेगळा नि शब्द वेगळा. चेहरा आईबापानं एकट्याला दिलेला असतो. शब्द एकट्याला कोणी दिलेला नसतो.

'भिडू' हा शब्द कुठं जन्मला? स्टुडिओत? नाही! आट्यापाट्यांत भिडू असतो, हुतुतूत भिडू असतो, लगोरीत भिडू वाटून घ्यावे लागतात. ज्या पोराला घरी खेळणं नव्हतं, त्यानं अंगणात उभं राहून "माझा भिडू कोण?" असं विचारलं, तिथला हा शब्द. 'झकास' तर आपल्या आयाबायांच्या तोंडचा. कालवण झकास झालं, पीक झकास आलं. हे शब्द मुंबईला कोणी नेले? बोटीच्या तळाशी बसून, पुढं यष्टीच्या टपावर वळकटी टाकून जे गेले, त्यांनी नेले.

मुंबईत पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यानं माणसं पुरवली. एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गडी. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच जागी आडवी व्हायची. शेजारी साताऱ्याचा घाटी, पलीकडे मदनपुऱ्यातला उत्तरेकडचा मोमीन विणकर, वरळीकडे तेलंगणातून आलेला पद्मशाली, दुकानावर गुजराती शेठ. साच्यांचा खडखडाट इतका की लांब वाक्य बोलायची सोय नाही. बोलायचं ते थोडक्यात, ठणठणीत आणि सगळ्यांना कळेल असं. त्या गर्दीत मराठीचं 'आपण' हिंदीत जाऊन 'आपुन' झालं. मराठीतली 'वाट लागली' हिंदीत गेली. 'म्हणजे' म्हणायची आपली सवय 'बोले तो' होऊन बसली. मुंबईची बोली ही अशी विणली गेली. ताणा मराठीचा, बाणा हिंदी-उर्दू-गुजरातीचा. ती आपल्या एकट्यांची आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. ती कष्टकऱ्यांची सामाईक आहे. गावच्या गायरानासारखी! आणि गायरानाला कोणी एकट्यानं कुंपण घालू नये, एवढंच माझं म्हणणं.

कोणी म्हणेल, अरे, जॅकी श्रॉफ काय परका आहे? वाळकेश्वरच्या तीन बत्तीला चाळीत वाढलेला माणूस. खरं आहे! 'भिडू' त्यानं पुस्तकात वाचून उचललेला नाही, चाळीतच ऐकला असणार. म्हणून तर प्रश्न अधिक टोकदार होतो. चाळीतल्या हजारो पोरांनी जो शब्द वापरला, त्यातल्या एकाच्या नावावर तो कागदोपत्री चढतो, कारण तो एकटा पडद्यावर पोचला. बाकीच्यांचं काय? गिरणीत आपण हेच पाहिलं. सूत त्रासनवाल्यानं काढलं, कापड साचेवाल्यानं विणलं, आणि ताग्यावर छाप मात्र मालकाची. तिथं निदान महिन्याला पगार मिळत होता. शब्दाचा पगार कोणी दिला?

आता दुसरी बाजू बघू. ही बोली सिनेमात आली ती कशी आली? १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त आली, १९९५ साली 'रंगीला'त आली, २००३ साली 'मुन्नाभाई'त आली. मोठमोठ्या नटांनी ती बोलली, टाळ्या घेतल्या, बक्षिसं घेतली. त्यांनी मेहनत केली, हे कबूल. पण गंमत बघा. तीच बोली नटाच्या तोंडी आली की 'स्टाईल', आणि आपल्या पोराच्या तोंडी आली की 'टपोरी'! नट ती बोलून मुलाखत देतो, तर पेपरात फोटो येतो. आपला पोरगा नोकरीच्या मुलाखतीत तशी बोलला, तर दार दाखवतात. नट संध्याकाळी कपडे बदलतो तशी भाषा बदलतो. आपल्या पोराला ती बदलता येत नाही, ती त्याच्या कातडीसारखी अंगाला आहे. खरा अन्याय इथं आहे, मित्रहो. शब्द उचलला याचं एवढं दुःख नाही. शब्द उचलला आणि माणूस खालीच ठेवला, याचं दुःख आहे.

आणि हे हिंदी सिनेमावाल्यांनीच केलं असं समजू नका. आपल्याच मराठी पांढरपेशांनी ते आधी केलं. कोकणातले कुणबी गडी मुंबईत घरकामाला राहिले. त्यांच्या कानात बाळी असे, म्हणून त्यांना 'बाल्या' म्हटलं. म्हणजे माणसाला नाव नाही, कानातल्या दागिन्यावरून हाक! गणपतीत हेच गडी कंबर वाकवून, घुंगरू बांधून जाखडी नाचले, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब केले, तर त्या कलेचंही नाव 'बाल्या डान्स'. नाटकात घरगडी दाखवायचा, तर त्याच्या तोंडी कोकणी हेल हमखास. हेल काढला की प्रेक्षक हसलाच पाहिजे. आज हिंदी सिनेमात मोलकरीण दाखवायची तर काष्ट्याचं लुगडं आणि मराठी वळणाची हिंदी असतेच की! त्याची चीड येते ना? मग 'बाल्या'चीही यायला पाहिजे. आणि आपल्या नाक्यावर उत्तरेकडच्या भैयाची, दक्षिणेकडच्या अण्णाची नक्कल करून हसतात, त्याचीही आली पाहिजे. न्यायाचा काटा एकच हवा.

मग उपाय काय? बोली कुलुपात ठेवायची? दुसऱ्या कोणी ती बोलायचीच नाही? नाही! तसं झालं तर बोली मरेल. उपाय आपल्याच माणसांनी दाखवून दिला आहे.

१९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं. गवाणकर राजापूर तालुक्यातले, आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. नाटक मालवणीत. त्यात गावची हौशी मंडळी महाभारतातलं नाटक बसवतात, आणि जी काय तारांबळ उडते ती आपल्याला ठाऊकच आहे. मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच असा उभा केला की मालवणी ही नोकराची भाषा राहिली नाही, ती नाटकाची मालकीण झाली. हसू तेव्हाही आलं. पण पूर्वीचं हसू मालवणी माणसाला बघून होतं, हे हसू मालवणी माणसाबरोबर होतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे! पाच हजारांवर प्रयोग झाले. आणि २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी हेच गवाणकर बसले. २०२५ साली ते गेले, पण रस्ता दाखवून गेले.

त्याही आधी अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर या शाहिरांनी हेच केलं. १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी तर स्वतः गिरणीत काम केलेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते बोलले ते शुद्धलेखनाच्या वहीतली भाषा नव्हे. गिरणगावाला जी कळते ती भाषा बोलले. म्हणून तर कामगार रस्त्यावर आला, १०० हून अधिक माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि १ मे १९६० उजाडला. मराठीचं राज्य झालं ते या बोलींच्या जोरावर झालं. राज्य झाल्यावर मात्र बोलीला सांगितलं, तू मागच्या दारानं ये!

आणि या मंडणगड तालुक्यात उभं राहून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इथलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९२० साली त्यांनी पत्र काढलं, नाव ठेवलं 'मूकनायक'. ज्यांना बोलू दिलं जात नाही, त्यांचा आवाज. दुसरा कोणी आपल्या वतीनं गोड बोलेल याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपलं आपण बोलायचं, हा धडा याच मातीतला आहे.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. अमेरिकेत बिग मामा थॉर्नटन नावाच्या काळ्या गायिकेनं १९५२ साली 'हाउंड डॉग' हे गाणं मुद्रित केलं. १९५६ साली तेच गाणं एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकानं म्हटलं, आणि जगभर त्याचाच डंका वाजला. आता त्यातही एक गाठ आहे. ते गाणं लिहिणारे दोघंही गोरेच होते. म्हणजे कोणाचं काय, हे सूत सरळ उकलत नाही. पण फळ कोणाच्या ओटीत जास्त पडलं, ते लख्ख दिसतं. अलीकडे ऑक्वाफिना नावाच्या नटीवर टीका झाली की, काळ्या लोकांची बोलायची ढब वापरून तू नाव कमावलंस आणि मग ती ढब टाकून दिलीस. २०२२ साली तिला जाहीर खुलासा करावा लागला. म्हणजे तिकडचा कष्टकरीही हाच सवाल विचारतो आहे.

वस्तूच्या बाबतीत हा सवाल थोडा तरी सुटतो. कोल्हापुरी चपलेचंच बघा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ सालच्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात तसलीच चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कारागीर खवळले, महाराष्ट्र बोलला, आणि त्या कंपनीला ही भारतीय कारागिरांची परंपरा आहे हे मान्य करावं लागलं. चपलेला गाव असतं, तसं शब्दालाही गाव असतं. पण बोलीला मानांकनाचा शिक्का मिळत नाही, आणि मिळूही नये. बोलीचं राखण बोलणाऱ्यांनीच करायचं असतं.

म्हणून या सभेत चार गोष्टी मांडतो.

पहिली: जो शब्द गावच्या खेळात, शेतात, कारखान्यात जन्मला, तो कोणाही एकट्याच्या मालकीचा होऊ नये. नटाचा चेहरा जपा, आवाज जपा, सही जपा. पण उद्या आपल्या एखाद्या पोरानं नटाचं नाव न घेता, फोटो न लावता वडापावच्या गाडीवर 'भिडू' लिहिलं, तर त्याला कोणी नोटीस धाडू नये.

दुसरी: आपली बोली नाटका-सिनेमात खुशाल घ्या. पण ती शिकवणारा माणूस आमच्यातला घ्या, त्याला मेहनताना द्या आणि पडद्यावर त्याचं नाव द्या.

तिसरी: ही बोली बोलणारा नुसता गडी, मोलकरीण नि गुंड दाखवू नका. आमच्यात शिक्षक आहेत, नर्सा आहेत, युनियन चालवणारे आहेत. तेही अशीच बोली बोलतात.

चौथी आपल्यासाठी. घरात पोराला "असं गावठी बोलू नको" म्हणून दटावू नका. प्रमाण मराठी शिकू द्या, इंग्रजी शिकू द्या, सगळं शिकू द्या. पण आजीची बोली टाकून नव्हे, ती बरोबर घेऊन. गावच्या जाखडी-नमनाच्या शाहिरांची गाणी उतरवून घ्या. कोणी रचलं, कोणत्या वाडीचा, ते नावानिशी लिहून ठेवा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचा हा उपयोग करा. ज्याची नोंद नाही, त्याच्यावर दुसऱ्याची छाप बसायला वेळ लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे! पण अभिजात मराठी म्हणजे नुसते ताम्रपट आणि शिलालेख नव्हेत. बाणकोटची खाडी, मंडणगडची वाडी आणि लालबागची चाळ जे बोलते, तेही मराठीच. त्या मराठीला ज्या दिवशी पुढच्या दारानं आत घेतील, त्या दिवशी भाषिक राज्य पुरं झालं असं आपण म्हणू. तोवर लढा चालू आहे.

भाषा कष्टकऱ्यांची, हक्कही कष्टकऱ्यांचा!
बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!