बोनेअरच्या समुद्रात उतरण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या गप्पांच्या कार्यक्रमातील भाषण)



गेले दोन महिने लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूध आणायला जाताना एकच प्रश्न ऐकतोय : "काका, तुम्ही खरंच समुद्राच्या तळाशी गेलात?" तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. गेलो. अगदी तळाशी नाही, पण 17 मीटरपर्यंत. आपल्या पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून बघा, साधारण तेवढं खोल. वय वर्षे 62.

सचिवांनी विषय दिलाय, या सहलीची तयारी कशी केली. बेट, व्हिसा, कर, सगळं सांगतो. पण या तयारीत माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगणार आहे. घरी विचारूनच आलोय. ही म्हणाली, "सांगायचं तर पूर्ण सांगा, अर्धं नको."

आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात, हे तुम्हाला माहीत आहे. दोघंही डायव्हिंग करतात. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई इकडे याल तेव्हा आपण चौघं बोनेअरला जाऊ." मी नकाशा उघडला. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर एक ठिपका. बेट नेदरलँड्सचं. 2010 पासून ती त्या देशाची एक खास नगरपालिकाच आहे. गंमत म्हणजे नगरपालिका डच, चलन अमेरिकन डॉलर आणि लोकांची बोली पापियामेंतू!

हेच बेट का? एक तर कॅरिबियनमधली बरीच बेटं दरवर्षी चक्रीवादळांच्या वाटेत येतात, बोनेअर त्या मुख्य पट्ट्याच्या बाहेर आहे. दुसरं, पश्चिमेकडचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे पाणी शांत. आणि तिसरं कारण माझ्यासारख्यासाठी सगळ्यात मोठं : तिथे बोटीत बसून दूर जावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेला दगड दिसला की तिथे डायव्हिंगची जागा. पिकअप गाडी लावायची, मागची टाकी पाठीवर घ्यायची आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. थोडं पोहत गेलं की प्रवाळ सुरू. बोट लागते असं ऐकलं असतं, तर मला उलटीच्या गोळीपासून तयारी करावी लागली असती.

आता चुकीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही कोकणात फिरायला गेलो होतो. तिथे एका ठिकाणी मी हौस म्हणून पाण्याखाली जाऊन आलो. प्रशिक्षक धरून नेतो, दहा-पंधरा मिनिटं मासे दाखवतो, फोटो काढतो. त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो, तब्येतीचे प्रश्न असतात. तिथला मुलगा घाईत होता. म्हणाला, "काका, सगळीकडे 'नाही' लिहा आणि खाली सही करा." मी लिहिलं. खिशात रक्तदाबाची गोळी होती.

मंडळी, मी 34 वर्षं बँकेत काढली. एक रकाना रिकामा राहिला म्हणून लोकांचे फॉर्म परत पाठवले आहेत. आणि स्वतःच्या फॉर्मवर मी डोळे मिटून सही केली.

बोनेअरचं ठरल्यावर रीतसर कोर्स करायचं ठरवलं. कारण कोकणातली ती हौस वेगळी आणि स्वतःच्या जबाबदारीवर उतरणं वेगळं. त्यासाठी परवाना देणारा कोर्स लागतो : पुस्तकी अभ्यास, मग तलावात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. तारकर्लीला आपल्या एमटीडीसीची यासाठी खास संस्था आहे, इतरही ठिकाणी सोय असते. पावसाळ्यात मात्र आपला समुद्र बंद, म्हणून वेळापत्रक आधी आखावं लागतं. पहिला कोर्स केला की 18 मीटरपर्यंत जाता येतं.

कोर्सचा फॉर्म घरी आला. त्यात विचारलं होतं : वय 45 च्या वर आहे का, आणि असल्यास रक्तदाब आहे का, कोलेस्टेरॉल वाढलंय का, जवळच्या रक्ताच्या नात्यातलं कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलंय का? यातल्या एकालाही 'हो' आलं की डॉक्टरांची सही आणावी लागते. मी पुन्हा सगळीकडे 'नाही' लिहिलं. मनात म्हटलं, एवढ्याशा बीपीला काय होतंय!

फॉर्म डायनिंग टेबलावर राहिला आणि हिने वाचला. संध्याकाळी मी आलो तर समोर ठेवून म्हणाली, "रोज सकाळी गोळी मी हातात देते आणि तुम्ही लिहिता बीपी नाही? आणि भाऊजींचं काय?"

माझे मोठे बंधू 49 व्या वर्षी गेले. झोपेत. तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्या सोसायटीचं वास्तुपूजन झालं त्याच वर्षी. त्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिताना मला दादा आठवला नव्हता, असं नाही. आठवला होता. तरी लिहिलं. 'हो' लिहिलं तर कोणी जाऊ देणार नाही, एवढीच भीती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. पाण्यात शिरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा, फुप्फुसांवरचा ताण वाढतो. त्यातून रक्तदाब आटोक्यात नसला तर पाण्यातच फुप्फुसांत पाणी साठण्याची भीती असते. आणि तिथे खाली ओरडून कोणाला बोलावता येत नाही. त्यांनी मोजला तेव्हा माझा दाब 160/100 निघाला. डॉक्टर म्हणाले, "आज सही करत नाही. चार महिने द्या, मग बघू."

हिचंही त्यांनी विचारलं. हिला दमा आहे, थंडीत पंप लागतो. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेला श्वास वर येताना फुगून दुप्पट होतो. म्हणून डायव्हिंगमधला पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पण दम्यामध्ये श्वासनलिका आवळली तर हवा आत अडकते आणि वर येताना फुप्फुसाला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी हिला स्पष्ट 'नको' सांगितलं.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "मग मीही जात नाही." तर ही म्हणाली, "उगाच त्याग करू नका. तुम्ही बरे होऊन जा. मी वर तरंगीन."

मुलीला फोन केला. तिची रजा मंजूर झाली होती, तिकिटं काढून झाली होती. सहल एक वर्ष पुढे ढकलली, तिकिटांचे बरेच पैसे बुडाले. ती रागावेल असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, तिथे जाऊन कळलं असतं तर?"

आपल्या सोसायटीभोवती मी सकाळी फेऱ्या मारायचो आणि तुम्ही 'काका, इलेक्शनला उभे राहताय का' म्हणून चिडवायचात ना, ते दिवस हेच. गोळी बदलली, मीठ कमी केलं, लोणचं बंद. चार महिन्यांनी दाब आटोक्यात आला, ट्रेडमिलवरची तपासणी नीट झाली आणि मग डॉक्टरांनी सही केली. तो फॉर्म मी फायलीत जपून ठेवलाय.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

व्हिसा : आमच्याकडे अमेरिकेचा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा होता, त्यावर बोनेअरला वेगळा लागला नाही. तुम्ही जाण्याआधी त्या वेळचा नियम बघून घ्या. बेटावर उतरताना परदेशी प्रौढ पाहुण्याला माणशी 75 डॉलर प्रवेशकर पडतो. समुद्रात उतरणाऱ्यांना निसर्गशुल्क वेगळं. ते देताना मला वाईट वाटलं नाही, कारण त्यांनी 1979 पासून बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, राखीव केलाय. तिथे नांगर टाकायला बंदी, प्रवाळ-शिंपले उचलायला बंदी, हातमोजे घालायलाही बंदी! हात उघडे असले की माणूस प्रवाळाला धरत नाही, हा त्यामागचा विचार. पहिल्या दिवशी सगळ्यांना नियम समजावून सांगतात आणि एक तपासणीची डाइव्ह करायला लावतात. कितीही अनुभवी असा, सुटका नाही.

विमा : साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग धरतातच असं नाही. बारीक अक्षरं वाचा, नाहीतर डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. सामान : टाकी, जाकीट भाड्याने मिळतं. मास्क मात्र स्वतःचा, चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा. पायात जाड तळाचे बूट हवेत, किनारा टोकदार प्रवाळाचा आहे. गाडीत मौल्यवान काही ठेवायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : परतीचं विमान. अनेक डाइव्ह केल्यानंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही. आम्ही पूर्ण एक दिवस मोकळा ठेवला. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात. तो दिवस वाया गेला नाही. दक्षिणेकडची मिठागरं, रोहित पक्षी पाहिले. मिठागरावर राबणाऱ्या गुलामांसाठी 1850 च्या सुमारास बांधलेल्या दगडी खोपटी पाहिल्या. दार एवढं बुटकं की वाकून आत जावं लागतं. तिथे आम्ही चौघंही काही बोललो नाही.

पाण्याखालचं काय सांगू? मिठाच्या धक्क्याचे प्रचंड खांब पाण्यात उतरलेत, त्यांवर केशरी, पिवळे स्पंज आणि प्रवाळ. त्यातून ऊन तिरपं येतं. एक कासव माझ्या शेजारून गेलं, आपल्याच सोसायटीतला कोणी जिन्यात ओलांडून जावा तसं. 'थाउजंड स्टेप्स' नावाच्या जागेला पायऱ्या शंभरसुद्धा नाहीत, पण टाकी पाठीवर घेऊन वर चढताना हजार वाटतात, हे खरं.

चौथ्या दिवशी 'हिल्मा हूकर' नावाचं बुडालेलं जहाज बघायचं होतं. 1984 साली ते बुडालं, सुमारे 30 मीटरवर आडवं पडलंय. आम्हा 18 मीटरवाल्यांना ते वरूनच बघायचं. वर्षभर मी त्याचे फोटो बघत होतो. त्या सकाळी नाक थोडं चोंदलं होतं. उतरलो, तीन मीटरवर उजवा कान दुखायला लागला. दाब मोकळा होईना. क्षणभर वाटलं, थोडं सोसू, एवढ्या लांब आलोय. मुलगी समोर होती, हाताने विचारत होती, ठीक आहे ना?

पाण्याखाली अंगठा वर केला तर 'छान' असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ 'वर चला'. मी अंगठा वर केला. तीही माझ्याबरोबर वर आली, कारण जोडीदाराला एकटं सोडायचं नाही. डायव्हिंगमध्ये कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि बाकीच्यांनी जाब विचारायचा नाही. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "बाबा, आज तुम्ही 'हो' लिहिलंत."

किनाऱ्यावर पिवळ्या दगडाशी ही वही घेऊन बसली होती. आम्ही कधी उतरलो, कधी परत यायचं, सगळं लिहून ठेवायची. दुपारी मी तिच्याबरोबर पृष्ठभागावर पोहलो. श्वासनळी तोंडात, डोकं पाण्यात. कंबरभर पाण्यातले पोपटमासे, निळे, हिरवे. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे पण कमी नाही."

जहाज राहिलं. राहू दे.

मंडळी, आपल्या इमारतीला 25 वर्षं झाली. स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की आपल्यातलेच काही म्हणतात, "गळती आहे हे लिहू नका, फ्लॅटचे भाव पडतील." मीही त्यातलाच होतो, कबूल करतो. आता माझं मत बदललंय. फॉर्मवर 'हो' लिहिलं म्हणून आमची सहल एक वर्ष लांबली, पैसे गेले. पण त्यामुळेच मी आज इथे उभा राहून तुमच्याशी बोलतोय, असं मी समजतो.

सुट्टीत कोकणात, गोव्यात, अंदमानात जाल, पाण्याखाली नक्की जा. तिथला मुलगा घाईत असला तरी तुम्ही दोन मिनिटं घ्या, फॉर्म वाचा आणि खरं लिहा. कोणाला कोर्सची, खर्चाची माहिती हवी असेल तर संध्याकाळी घरी या, वही दाखवतो. चहा बिनसाखरेचा मिळेल.