आपणच सांधणारे रबर



सिल्वासाजवळच्या सायली गावी गेल्या पावसाळ्यात माझा एका स्नेह्याकडे मुक्काम होता. हे गृहस्थ तेथील एका कारखान्यात फिटर आहेत. दादरा-नगरहवेलीचा हा मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटला, तेव्हा भाताची खाचरे आणि राने यांवाचून येथे फारसे काही नव्हते. आज प्लॅस्टिकचे आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने दाटीने उभे आहेत. एके रात्री त्यांच्या यंत्राचा रबरी पट्टा चिरला. वापीहून दुसरा येईतो पहाट झाली, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या दहाबारा माणसांची ती पाळी फुकट गेली. घरी परतल्यावर ते मला म्हणाले, “मास्तर, माझं बोट कापलं तर आठ दिवसांत भरून येतं. या रबराला एवढीही अक्कल तुमच्या शास्त्रज्ञांना देता येत नाही काय?”

प्रश्न चेष्टेचा होता. परंतु उत्तर चेष्टेवारी नेण्याजोगे नाही.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. परातीत शिजवलेल्या शेवयांचा ढीग डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे झाले. नुसता गुंता ताणला की घसरतो. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले की, गंधक घालून तापविले असता रबर पक्के होते. गंधकाचे अणू एका शेवईला दुसरीशी टाके घालतात. हे टाके मजबूत, पण एकदा तुटले की तुटले. म्हणूनच सायकलच्या पंक्चरला ठिगळ आणि सोल्यूशन लागते.

तेव्हा तुटून पुन्हा जुळणारे टाके हवेत. असे टाके निसर्गात आहेत. पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारा हायड्रोजन बंध हा त्यांपैकीच एक. २००८ साली पॅरिस येथील लुडविक लिबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतिजन्य मेदाम्ले व युरिया यांपासून असे रबर बनविले की, ते कापून दोन्ही तुकडे बोटांनी नुसते दाबून धरले तर खोलीतल्या उष्णतेवरच सांधतात आणि पुन्हा ताणले जातात. मात्र तुकडे फार वेळ अलग ठेवले, तर मोकळे हात आपल्याच बाजूला जोडीदार शोधतात आणि मग सांधा धड बसत नाही.

या शोधात पुण्याचाही वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसावा याचे मला नवल वाटते. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शायनी वर्गीस, आशिष लेले आणि मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी २००६ साली तांब्याच्या आयनांच्या साहाय्याने कापलेले जेल सांधून दाखविले. पुढे वर्गीस अमेरिकेत गेल्यावर २०१२ साली तेथील मंडळींसह याच तिघांनी आम्लयुक्त पाण्यात काही सेकंदांत जुळणारे जेल प्रसिद्ध केले. त्यातील मर्म मोठे गमतीचे आहे. रेणूच्या साखळीला लोंबणारे हात चिरेपलीकडे पोहोचतील इतके लांब हवेत. पण फार लांब झाले तर ते आपल्यातच गुरफटून बसतात. तथापि जेल म्हणजे पाण्याने भरलेली मऊ वस्तू. तिचा पट्टा होत नाही.

खरी मेख येथेच आहे. सांधण्यासाठी रेणूंना हालचाल हवी, आणि बळासाठी तेच रेणू जखडलेले हवेत. एकाच माणसाला पहारेकरी आणि जासूद नेमण्यासारखे हे आहे! २०१४ साली स्पेनमधील संशोधकांनी गंधकाच्याच दोन अणूंचा जोड दोन बेंझीन-वलयांच्या मध्ये बसविला. हा जोड साध्या उष्णतेवर शेजारच्या जोडाशी अदलाबदल करीत राहतो. त्यांच्या रबराचा काप चोवीस तासांत सत्त्याण्णव टक्के भरून आला. बळ मात्र बेताचेच राहिले. २०१८ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी त्या जोडाच्या शेजारी वेडीवाकडी, असमान आकाराची वलये योजिली. परिणामी कठीण भाग दाट रचला जात नाही; हायड्रोजन बंध बळ देतात आणि मोकळ्या जागेत गंधकाची अदलाबदल चालू राहते. हे पारदर्शक रबर ६.८ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७० किलोग्रॅम, ताण सोसते आणि कापून जोडल्यावर दोन तासांत पाऊण हिश्शाहून अधिक बळ परत मिळविते.

आता फिटरच्या नजरेने पाहू. गंधकाने पक्के केलेले नैसर्गिक रबर याच्या तिपटीचा ताण सहज सोसते. शिवाय ज्याचे टाके सतत हात बदलतात, ते रबर रात्रंदिवस ताणून ठेवले तर हळूहळू लांबत जाण्याचा धोका असतो. पट्ट्याला हा दुर्गुण परवडणारा नाही. यंत्राच्या पट्ट्याआधी तारांची वेष्टने, पातळ लेप, अंगावर वागवायची विद्युत्-उपकरणे येथे त्याचा उपयोग होईल, असे मला वाटते.

हे सारे मी सायलीला पत्राने कळविले. उत्तरी त्यांनी एवढेच विचारले, “चिरेत तेल गेलं असलं तर?” तेल वा धूळ मध्ये आली तर रेणूंचे हात परस्परांना भिडतच नाहीत. आधी चीर स्वच्छ पुसावी लागेल, आणि ती तेलकट होण्यापूर्वी यंत्र थांबवावे लागेल, असे मी त्यांना लिहिले आहे.