फिटची गोळी आणि झोप



आपल्या नगर जिल्ह्यात उसाचा हंगाम म्हणजे कारखान्याची रात्रपाळी आणि रात्रीच्या लाइटीवर दारे धरणे. ज्याला फिट येते त्याला हे जागरण महागात पडते. झोप बुडाली की फिट येऊ शकते. त्यात लॅमोट्रिजीनने कुणाची झोप उडते, व्हॅल्प्रोएटने कुणाला दिवसा गुंगी येते.

आमच्या मुलाची झोप उडाली तेव्हा आम्हीच म्हणालो, "दे सोडून गोळी." ती आमची मोठी चूक. गोळी एकदम तोडली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतते. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी मात्रा तशीच ठेवून फक्त वेळ बदलून दिली. एवढेच विचारायचे होते!

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतून आम्ही त्याला दहालाच घरी आणतो. तो रुसतो. रुसू द्या.