सरंजाम, दोन हेक्टर आणि आपली पोरं

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज माझ्याकडे दिलेला विषय आहे आंतरराष्ट्रीय लवादात काम करणारा वकील. मागे बसलेल्या काही जणांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, ‘हे काय नवीन?’ म्हणून सुरुवात केळीपासून करतो.

समजा, आपल्या भागातली केळी मुंबईच्या एका निर्यातदाराने घेतली आणि न्हावा-शेवा बंदरातून थंड कंटेनरमध्ये दुबईला पाठवली. तिथे कंटेनर उघडला तर केळी काळी पडलेली. तिथला व्यापारी म्हणतो, पैसे देणार नाही. निर्यातदार म्हणतो, माल इथून चांगला निघाला होता. आता दावा कुठे लावायचा? निर्यातदाराला दुबईच्या कोर्टाचा भरवसा वाटत नाही, व्यापाऱ्याला मुंबईच्या. म्हणून करारातच एक कलम असतं: भांडण झालं तर दोघांनी मिळून नेमलेला लवाद निवाडा करेल. तो लवाद मुंबईत बसेल, सिंगापूरला किंवा लंडनला, हेही तिथेच ठरलेलं असतं. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे असा निवाडा १७०हून अधिक देशांत वसूल करता येतो. आपल्याकडे त्यासाठी १९९६चा लवाद कायदा आहे, आणि २०१६पासून मुंबईत आंतरराष्ट्रीय लवादाचं एक केंद्रही आहे.

यात वकील काय करतो? ते कलम लिहितो. लवाद कोण असावा हे पक्षकाराला सुचवतो. कंटेनरमधल्या तापमानाची नोंद मिळवतो, साक्षीदार तपासतो, बाजू मांडतो. निवाडा झाला की वसुलीच्या मागे लागतो. सिनेमात दिसतं तसं ओरडणं इथे फारसं नसतं. बहुतेक काम कागद वाचण्याचं असतं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गावात पंच बसतात. नवरा-बायकोत बिनसलं तर दोन्ही घराण्यांतून एकेक हकम नेमा, असं कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितलं आहे. काबागृहाच्या बांधकामात हजरे अस्वद कोणी बसवायचा यावरून कुरैशांची टोळकी हातघाईवर आली होती, तेव्हा पैगंबर (स.) यांनी काय केलं हे तुम्ही लहानपणी ऐकलंय. दगड चादरीवर ठेवला आणि चादरीची टोकं सगळ्या कबिल्यांच्या हातात दिली. तेव्हा त्यांना नबुव्वत मिळालेली नव्हती. लोकांनी त्यांचं ऐकलं, कारण ते ‘अमीन’ म्हणून ओळखले जात होते. या धंद्याचं भांडवल तेच आहे. समोरच्या बाजूलाही तुमचा भरवसा वाटला पाहिजे.

आता आपल्याच राज्यातल्या एका माणसाबद्दल सांगतो. महंमद करीम चगला. जन्म १९००, मुंबईच्या खोजा कुटुंबातला. ऑक्सफर्डला शिकले, १९२२ला बॅरिस्टर झाले. परत आल्यावर सुरुवातीची काही वर्षं हाताला फारसं काम नव्हतं, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे १९४७ ते १९५८ ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. नंतर राजदूत, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले.

१९५४मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. त्या लढ्यात मराठी आणि गोमंतकीय स्वयंसेवक होते. डिसेंबर १९५५मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून या गावांपर्यंत भारताच्या जमिनीवरून जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हे न्यायालय म्हणजे लवाद नव्हे. पण एक गोष्ट लवादासारखी असते. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नाही, तो त्या खटल्यापुरता एक नेमू शकतो. भारताने चगलांना नेमलं, पोर्तुगालने फर्नांडिस यांना.

या खटल्यात पोर्तुगालने कोणता कागद पुढे केला? १७७९चा, पुणे दरबाराशी झालेला तह. मराठ्यांनी त्यात आम्हाला गावं दिली, म्हणजे राज्यच दिलं, असा त्यांचा दावा. मग हेगमध्ये त्या तहाचे वेगवेगळे पाठ आणि १७८३, १७८५च्या सनदा तपासल्या गेल्या. न्यायालयाने म्हटलं, तह खरा आहे, पण त्याच्या भाषेत सार्वभौमत्व दिल्याचं दिसत नाही. दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, जहागीर किंवा सरंजाम म्हणून. मराठ्यांना राज्य द्यायचं असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द वापरत, हेही न्यायालयाने इतर तह पाहून नोंदवलं.

विचार करा. ‘सरंजाम’ हा शब्द आपल्या सातव्या-आठवीच्या इतिहासात येतो आणि आपण तो पाठ करून विसरतो. हेगमध्ये त्याच्या अर्थावर दोन देश भांडले.

१२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. इंग्रजांच्या काळात पडलेल्या वहिवाटीमुळे पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता हक्क होता, सैन्य, पोलीस, शस्त्रं नेण्याचा नव्हता. आणि १९५४मध्ये भारताने वाट अडवली, त्यात भारताकडून कर्तव्याचा भंग झालेला नाही. चगलांनी भिन्न मत लिहिलं. पोर्तुगालचा असा हक्कच सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. फर्नांडिस यांचं मत उलट गेलं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे ज्याने नेमलं त्याच्याच बाजूने दोघं बोलले, मग निःपक्षपणा कुठे राहिला? प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रात तो आजही रोज विचारला जातो. माझं उत्तर एवढंच, की मत कारणांसकट लिहावं लागतं. आज तुम्ही चगलांचं मतपत्र काढून वाचू शकता, पटत नसेल तिथे खोडू शकता. आपल्या पोरांना ‘तू कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न जरा लवकरच विचारला जातो. त्यावर चिडून उपयोग नाही. आपलं कारण कागदावर, नीट, सगळ्यांना तपासता येईल असं मांडणं, हे त्याचं टिकणारं उत्तर आहे.

आता दुसरा शब्द, आपल्या जिल्ह्यातला. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांचं भांडण होतं, त्यासाठी १९६९मध्ये लवाद नेमला गेला. १९७९मध्ये त्याचा निवाडा आला. पक्षकार होते गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येणार होती. त्या गावांतला एकही माणूस पक्षकार नव्हता. पण त्याच निवाड्यात एक कलम होतं: ज्याची पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाईल, त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची. पुढची कित्येक वर्षं आदिवासी भाऊ-बहिणी त्या कलमाचा आधार घेऊन लढले. आपल्या शहादा-तळोदा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहती तुम्ही पाहिल्या आहेत. ते कलम निवाड्यात नसतं, तर मागायला आधार कोणता होता?

म्हणून मी या पेशाकडे फक्त मोठ्या फीचा धंदा म्हणून पाहत नाही. मेजावर कोण बसलंय हे बघाच, पण कोण बसलेलं नाही हेही बघणारा वकील हवा.

वाट काय? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. राज्याची सीईटी असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. मग बार कौन्सिलची नोंदणी आणि परीक्षा. शिकत असताना अभिरूप खटल्यांच्या स्पर्धांत उतरा. व्हिएन्नाची व्हिस स्पर्धा तर लवादाचीच आहे. पहिली काही वर्षं कमाई थोडी असेल, घरच्यांना हे आधीच सांगा. इंग्रजी लागेल, ती शिकता येते. इथल्या मुली हे करू शकतील का, असं मघाशी एका चाचांनी विचारलं. चाचा, कागद वाचायला काय लागतं? डोळे आणि सबुरी. दोन्ही त्यांच्याकडे आहे.

आणि आजपासून एक काम करा. घरातला एखादा करार काढा, भाडेपट्टा असो, कर्जाचा कागद असो की पीकविम्याचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि त्याचा अर्थ विचारून या. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊनच बसू.