त्यांना बसमध्ये बसवून दिले, पुढे काय?

(वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या माजी अधीक्षकांनी केलेले भाषण)



'तरुण मंडळीपासून दूर का जातात?' असा विषय मला दिला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील मुलांच्या वसतिगृहात माझी पुष्कळ वर्षे गेली. म्हणून मी आपल्याच मावची, भिल्ल आणि पावरा मुलांविषयी बोलणार आहे.

तुमच्या देणग्यांवर ही मुले शिकली. बारावी झाली की आपण त्यांना पुण्याच्या, नाशिकच्या, सुरतेच्या बसमध्ये बसवून देतो. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आई पिशवीत भाकरी आणि नवा करार ठेवते. बस सुटते आणि आपण घरी येतो. पुढे कित्येकांचे नाव तेवढे मंडळीच्या वहीत राहते.

मग आपण म्हणतो, मोबाइलने बिघडवले, शहराचे वारे लागले. मीही हेच म्हणत असे. अमेरिकेत लाइफवे रिसर्च या संस्थेने २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. शाळेत असताना प्रॉटेस्टंट मंडळीत नियमित जाणाऱ्या तरुणांपैकी ६६ टक्के जणांनी १८ ते २२ या वयात निदान एक वर्ष तरी नियमित उपासनेला जाणे सोडले होते. का सोडले, याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांत सर्वांत पुढे होते ते कॉलेजसाठी गाव सोडणे. तो देश वेगळा, त्यांची परिस्थिती वेगळी. पण ते वाचताना मला आपला बसथांबा दिसला.

आता एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तो आपल्या वसतिगृहात वाढला, नाताळात ढोलकी वाजवायचा. पुण्याला कॉलेजात गेला. दुसऱ्या वर्षी सुट्टीत भेटला तेव्हा मी जरा रागानेच विचारले, "चर्चला जातोस का?" तो म्हणाला, "सर, तीन रविवार गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. कोणी गाव विचारले, कोणी आडनाव विचारले, पुढे कोणी बोलले नाही. चौथ्या रविवारी दुकानात काम मिळाले. मेसचे पैसे भरायचे होते."

मी गप्प झालो. तो पुढे म्हणाला, "खोलीतली मुले म्हणाली, तू ख्रिस्ती, मग आदिवासीचा दाखला कसा? मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी ख्रिस्ती आहे हे कोणाला सांगत नाही."

बंधूंनो, उत्तर अवघड नव्हते. अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या ३४२ व्या कलमाखाली निघते आणि तिच्यात धर्माची अट नाही. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात. ख्रिस्ती झाल्याने आदिवासी मूल आदिवासी राहत नाही असे नाही. बारा वर्षे आम्ही त्याच्याकडून वचने पाठ करून घेतली, पण हे चार शब्द सांगितले नाहीत.

शेवटी तो जे बोलला ते मला अजून झोपू देत नाही. "सर, दहावीत मी तुम्हाला विज्ञानाच्या पुस्तकातले आणि उत्पत्तीतले एक विचारले होते. तुम्ही म्हणालात, फार प्रश्न विचारू नकोस, प्रार्थना कर. मग मी विचारायचे सोडले. देवाला मी सोडले नाही, सर. पण तिथे मी कोणाचाच नव्हतो."

मला ते आठवतही नव्हते. त्याच्या मात्र लक्षात होते.

आपल्या प्रभूने कसे केले ते पाहा. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोघे जण यरुशलेम सोडून अम्माऊसला निघाले आहेत. तेही दूर चाललेलेच होते. प्रभूने त्यांना वाटेत अडवले नाही. तो त्यांच्याबरोबर चालू लागला, काय बोलत आहात म्हणून आधी विचारले, त्यांचे सगळे ऐकले, मग समजावले. थोमाने शंका घेतली तरी आठ दिवसांनी तो शिष्यांमध्येच होता, कोणी त्याला बाहेर काढले नव्हते. आणि फीबी बहीण निघाली तेव्हा पौलाने रोमच्या मंडळीला लिहून कळवले की हिला आपली समजून घ्या, हिला लागेल ती मदत करा.

आपणही तेच करू या. माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, यंदा बारावीची परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलामुलीबरोबर पत्र जाऊ द्या. ज्या शहरात ते जाणार तिथल्या पाळकांना आधी फोन करा. पुण्या-नाशिकचे जे सभासद इथे बसले आहेत, त्यांनी एकेका मुलाला रविवारी घरी जेवायला बोलवावे. त्याने आपल्या भाषेतले गाणे म्हटले तर तेही ऐकावे.

दुसरी, दर पंधरा दिवसांनी त्यांना एक फोन करा. चर्चला गेलास का, हे शेवटी विचारा. जेवलास का, हे आधी विचारा.

तिसरी, वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि दोघे मिळून शोधा. मुलांचा विश्वास त्याने ढळत नाही, हे मी उशिरा शिकलो.

एवढे केले म्हणजे सगळी मुले परत येतील, असे वचन मी देऊ शकत नाही. तो मुलगा अजून कुठल्याही मंडळीत जात नाही. पण आता मी त्याला फोन करतो आणि तो उचलतो. मागच्या महिन्यात त्याने विचारले, "सर, या नाताळात ढोलकी कोण वाजवणार?" मी म्हणालो, "तुझी ढोलकी कपाटावर ठेवली आहे."

त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि जूनमध्ये बस सुटेल तेव्हा नुसता हात हलवून घरी जाऊ नका.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.